यादीच्या तळाशी एक हिरवी गाडी

मी एक जुनी गाडी बोलतेय. हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची, समोरून पाहिलं तर जराशी चकित झाल्यासारखी दिसणारी. पण मला हात लावून बघायला याल तर हाताला काही लागायचं नाही. मी पत्र्याची नाही. शर्यतीच्या एका व्हिडिओ गेममधली गाडी आहे मी. माझ्या टाकीत पेट्रोल नाही, चाकांत हवा नाही, आणि तरीही चढ लागला की मला धाप लागते.

माझ्या जगात समुद्राच्या कडेकडेने जाणारा एक रस्ता आहे. तिथे कायम संध्याकाळ असते. सूर्य पाण्याला टेकतो आणि तसाच टेकून राहतो. झाडांची पानं गळत असतात, पण झाडं कधी रिकामी होत नाहीत. त्या रस्त्यावरून मी किती वेळा गेले त्याला गणती नाही. शिवाय मी एकाच वेळी अनेक घरांत असते. एका घरात कुणीतरी मला झाडावर आपटत असतं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या घरात कुणी मला हलक्या हाताने वळणावरून नेत असतं. हे कसं जमतं ते मला विचारू नका. स्वप्नात तुम्ही एकाच वेळी लहानही असता आणि मोठेही असता, तसंच काहीसं समजा.

मला एक थोरली बहीण होती. ती मात्र खरीखुरी, पत्र्याची. एका संग्राहकाच्या लांबलचक दालनात, पांढऱ्या कापडाखाली ती उभी असायची. आमचा कारखाना कधीच बंद पडला. आमच्यासारख्या मुळात थोड्याच बनल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा भंगारात गेल्या आणि उरल्यासुरल्या अशा लोकांकडे गेल्या, जे गाडीवर फुंकरसुद्धा जपून मारतात. म्हणून तर गेममध्ये आम्ही इतक्या कमी. नवी गाडी गेममध्ये आणायची असेल, तर कारखानाच आराखडे देतो, फोटो देतो, वर आभारही मानतो. जुन्या गाडीसाठी विचारायचं कुणाला? आधी ती शोधा, मग तिचा मालक शोधा, मग त्याची मनधरणी करा.

माझ्यासाठी ही सगळी यातायात दोघांनी केली. एक बाई होती. गळ्यात कायम शिंप्यासारखी मोजपट्टी असायची, म्हणून कचेरीत तिला सगळे मोजपट्टीच म्हणत. गेममधल्या गाड्या घडवणं हे तिचं काम. दुसरा आवाज टिपणारा. त्याला म्हणायचे कानसेन. दोघं संग्राहकाच्या दालनात आले आणि त्यांनी थोरलीचा इंच न् इंच पाहिला. मोजपट्टीने दाराच्या मुठीचे इतके फोटो काढले की संग्राहक म्हणाला, "अहो, मूठ आहे ती. पळून नाही जाणार."

कानसेनने इंजिनाजवळ, धुराड्याजवळ आणि सीटखाली माइक बांधले. मग संग्राहकाने स्वतः गाडी सुरू केली आणि अंगणात एक फेरी मारली. डावीकडे वळताना डॅशबोर्डच्या आत काहीतरी घरंगळलं. खुळुक.

संग्राहक ओशाळला. "तेवढं सोडून द्या हं. माझ्याकडे आली तेव्हापासून आहे. मेकॅनिक म्हणाला, काढायचं तर डॅशबोर्ड फोडावा लागेल. मला धीर नाही झाला."

कानसेनने डोळे मिटले होते. "पुन्हा एकदा वळवा ना डावीकडे," तो म्हणाला.

कचेरीत साहेबांना तो आवाज आवडला नाही. "लोकांना नवीकोरी गाडी हवी असते. हा खुळखुळाट काढून टाका."

"नवीकोरी हवी असेल तर नव्या ढीगभर आहेत की, साहेब," मोजपट्टी म्हणाली. "ही एक तरी वापरलेली असू दे."

साहेब हसले, आणि खुळुक माझ्या पोटात राहिलं. असा माझा जन्म झाला.

गेममध्ये गाड्यांची यादी असते. वरच्या टोकाला नव्या, चपट्या, चकचकीत गाड्या. त्यांचे दिवे रागाने बारीक केलेल्या डोळ्यांसारखे. मी पार तळाशी. लोक अंगठ्याने यादी भरभर सरकवायचे आणि माझ्यावरून निघून जायचे. कुणी चुकून थांबलंच, तर "ही काय आजीबाई!" म्हणून पुढे जायचं. मला वाईट वाटायचं नाही. यादीच्या तळाशी शांतता असते.

पण एखादा मला निवडायचाच. पहिल्या वळणावर मी त्याच्या हातातून निसटायचे, कारण मला सावरून घेणारी नव्या गाड्यांची कसलीही यंत्रं माझ्यात नाहीत. दुसऱ्या वळणावर तो चिडायचा. मग हळूहळू त्याच्या लक्षात यायचं की वळण येण्याआधीच वळणाचा विचार करावा लागतो, वेग आधी सोडावा लागतो, बारीक स्टिअरिंग बोटांनी धरावं लागतं. मग तो गप्प व्हायचा. खिडकीबाहेर समुद्र आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसायचं. नव्या गाड्यांतून समुद्र दिसत नाही, नुसती निळी रेघ दिसते.

अशाच एका दुपारी मला तो भेटला.

तो बंदरात क्रेन चालवायचा. पहाटेपासून उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून मोठाले लोखंडी खोके अलगद उचलायचे आणि जहाजात ठेवायचे. पाळी संपवून घरी यायचा, गणवेश खुंटीला टांगायचा आणि जेवणाचं ताट मांडीवर घेऊन गेमचं मशीन सुरू करायचा. घर एका माणसाचं होतं. उशी एक, कप एक, खुर्च्या मात्र दोन. दुसरीवर इस्त्रीचे कपडे. गेममध्ये त्याने आपलं नाव ठेवलं होतं, बोका.

त्या दिवशी यादी सरकवता सरकवता त्याचा अंगठा माझ्यावर थांबला. मला त्याने बराच वेळ गोल फिरवून पाहिलं. मग शर्यत सुरू केली. पहिलं डावं वळण आलं आणि मी माझ्या सवयीने केलं, खुळुक.

त्याने कचकन ब्रेक लावला. भर रस्त्यात. मागच्या गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी सुसाटत गेल्या. त्याने मला पुन्हा डावीकडे वळवलं. पुन्हा. मग त्याच जागी गोल गोल, डावीकडे, डावीकडे. शेवटी कंट्रोलर खाली ठेवला आणि तोंडावर हात धरून बसला.

"गोटी," तो म्हणाला. "माझी गोटी आहे ती."

माझ्या पोटात एका लहान मुलाची गोटी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी तिला नुसता आवाज समजत होते.

यामागची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी, नंतर बोका आणि त्याच्या मोठ्या बहिणीच्या बोलण्यातून कळली. माझी पत्र्याची थोरली आधी बोकाच्या वडिलांची गाडी होती. वडील गुरांचे डॉक्टर. कुणाची गाय अडली, कुणाचा घोडा लंगडायला लागला, की हे बॅग घेऊन निघायचे. मागच्या सीटवर बोका आणि त्याची मोठी बहीण. एकदा हवेच्या जाळीतून बोकाची गोटी आत पडली. तो रडायला लागला, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, हरवली कुठे? गाडीतच आहे. ऐक." आणि त्यांनी गाडी डावीकडे वळवली.

वडील गेले. गाडी दारात उभी राहिली. बोका म्हणायचा, मी दुरुस्त करीन. त्याची नोकरी लांबच्या बंदरात, सुट्टी मिळायची नाही. अशी वर्षं गेली. एकदा तो घरी आला, तर दारात गाडी नव्हती. बहिणीने ती संग्राहकाला देऊन टाकली होती, त्याला न विचारता. तो उंबऱ्यावरूनच परत फिरला. त्यानंतर दोघांमध्ये अबोला.

त्या दुपारनंतर बोका रोज माझ्याकडे येऊ लागला. जिंकायचा नाही, जिंकायचा प्रयत्नही करायचा नाही. नुसता समुद्राच्या रस्त्याने जायचा, आणि डावं वळण आलं की कान द्यायचा.

आता दुसरं घर. तिथे एक चष्म्याचं दुकान चालवणारी बाई आणि तिचा नवरा राहायचे. नवऱ्याला गेमचं भारी वेड. गेममधलं त्याचं नाव 'सुसाट', आणि हरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका रविवारी दुपारी नव्या गाड्या आपटून आपटून कंटाळल्यावर त्याने गंमत म्हणून मला काढलं. बायको शेजारी बसून मटार सोलत होती.

"अगं, ही बघ कशी म्हातारी निघाली," तो म्हणाला आणि त्याने मला डावीकडे वळवलं.

मटारचं भांडं तिच्या मांडीवरून कलंडलं. दाणे सगळ्या खोलीभर झाले. "परत वळव," ती म्हणाली.

"काय झालं?"

"वळव म्हणते ना!"

त्याने वळवलं. तिने त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. आयुष्यात कधी हातात न धरलेली वस्तू. उलटीच धरली होती. नवऱ्याने हळूच सुलटी करून दिली.

त्या दिवसापासून ती मला चालवायला शिकली. झाडं, कुंपणं, बोगद्याची भिंत, काही म्हणता काही तिने सोडलं नाही. पण शिकली. आणि रविवारी फक्त जुन्या गाड्यांची शर्यत असते, नेटवरून कुणीही कुठूनही यायचं, तिच्यात ती नवऱ्याच्या नावाने उतरली. सुरुवातीच्या रेषेवर मोजक्याच गाड्या होत्या. तिच्या पुढची गाडी हिरवी होती. मीच होते. आणि छपरावर नाव तरंगत होतं, बोका.

लहानपणी दुधावरची साय चोरून खायचा म्हणून ते नाव तिनेच ठेवलेलं. दुसरं कोण असणार?

माइकचं बटण तिच्या अंगठ्याखालीच होतं. तिने ते दाबलं नाही. ती नुसती त्याच्या मागे मागे जात राहिली. मी पुढे होते आणि मीच मागे होते. पुढच्या माझ्यात भाऊ, मागच्या माझ्यात बहीण, आणि दोघांच्या मधून पानं उडत होती. मला सगळं माहीत होतं, पण गाडीला सांगता येत नाही.

असे कितीतरी रविवार गेले. तो थोडा वेग घ्यायचा, ती मागे पडायची. कधी तो फलाटासारख्या मोकळ्या जागेत थांबून समुद्र बघायचा, तर ती जरा अंतर ठेवून थांबायची. एकदा त्याने माइकवर हसत म्हटलंसुद्धा, "काय हो सुसाट, नाव असं आणि चाल गोगलगायीची?" ती ओठ घट्ट मिटून बसली. किती वर्षांनी तो आवाज तिच्या कानांवर पडला होता. शेजारी नवरा कळवळून म्हणाला, "अगं बोल की काहीतरी!" तिने मान हलवली.

"तो उठून गेला तर?" ती म्हणाली. "एवढं तरी आहे, तेही जाईल."

मग एका रविवारी बोगदा आला. बोगद्याच्या तोंडाशी वळण आहे, पलीकडचं दिसत नाही. तिने नकळत हॉर्न दिला. दोनदा, अगदी हलका.

वडिलांची सवय ती. आंधळं वळण आलं की दोनदा हलकासा हॉर्न. "पुढे कुणाचं वासरू असलं तर दचकायला नको," म्हणायचे.

पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. तो बोगद्यात थांबला. तीही थांबली. बोगद्यात आमच्या दोन इंजिनांचा आवाज घुमत होता, एकच आवाज, आणि त्याचाच प्रतिध्वनी. बराच वेळ काही झालं नाही. मग पुढून हॉर्न आला. दोनदा. हलका.

त्या दिवसापासून तो हळू चालवू लागला.

तेवढ्यात माझ्यावरच संक्रांत आली. संग्राहक वारला. त्याच्या वारसांनी थोरलीला परदेशी कुणाला तरी देऊन टाकलं. कुणाला, कुठे, मला काही कळलं नाही. नव्या मालकाने गेमच्या कंपनीला परवानगी नाकारली. कचेरीत मोजपट्टी साहेबांशी भांडली, पण परवानगीच नाही म्हटल्यावर साहेब तरी काय करणार? सगळ्या खेळाडूंना सूचना गेली की पुढच्या अपडेटबरोबर ही गाडी यादीतून निघेल. मोजपट्टीने आपल्या टेबलावरून मला समुद्राच्या रस्त्याने एकदा शेवटचं नेलं. कानसेन मागे उभा राहून ऐकत होता. "छान झाली होती गं," तो म्हणाला, "आपली ही."

अपडेटच्या आधीच्या रविवारी बोका आणि त्याची बहीण पुन्हा रेषेवर उभे राहिले. सिग्नल हिरवा झाला. बाकीच्या गेल्या. आम्ही दोघी तिथेच.

माइकमध्ये खरखर झाली.

"ताई?"

नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने दूर सारला.

"किती जोरात जायचास रे आधी," ती म्हणाली. "मला दमायला व्हायचं."

"आता हळू चालवतोय ना."

"हो. कळत होतं मला."

मग तो म्हणाला, "मी दुरुस्त करणार होतो गं तिला."

"माहीत होतं मला. म्हणून तर इतकी वर्षं थांबले. पण ती थांबेना रे. खालून पत्रा सुटायला लागला होता. दार उघडलं की गंज हातात यायचा. रोज दुकानातून घरी आले की बघायची, आज थोडी कमी झालेली असायची. बाबांचंही शेवटी असंच झालं होतं, तू नव्हतास तेव्हा. मला दुसऱ्यांदा बघवेना."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि तू नको म्हटल्यावर मला देता आली नसती."

मी दोन्हीकडे उभी होते आणि दोन्हीकडून श्वास ऐकत होते. शेवटी त्याने मला हळूच पुढे घेतलं आणि तिनेही घेतलं, आणि पहिल्यांदाच आम्ही मागेपुढे न जाता शेजारी शेजारी चाललो. बोगद्यापाशी दोघांनी एकदमच हॉर्न दिला.

"मी मशीनची नेटची तार काढून टाकतो," तो म्हणाला. "अपडेटच आलं नाही तर ती जायची नाही."

"मग मीही काढते."

पण तिच्याकडची काढायची राहून गेली. सकाळी ती दुकानात असताना मशीनने नवऱ्याला काहीतरी विचारलं. त्याला मशीनने काहीही विचारलं तरी तो 'हो' म्हणायचा. त्या घरातून मी तिथल्या तिथे नाहीशी झाले. त्यामुळे पुढचं भांडण मला ऐकायला मिळालं नाही, पण दोन दिवस त्याला हाताने वाढून घ्यावं लागलं असं पुढे कळलं.

मी बोकाच्या घरी उरले. म्हणून फोन आला तेव्हा मला त्याची एकच बाजू ऐकू आली.

"हां, ताई... काय?... भावोजींनी?" तो हसायला लागला. खूप दिवसांत त्या खोलीत कुणी असं हसलं नव्हतं. "नाही, माझ्याकडची आहे... अगं पण नेट लावलं तर हीही जाईल. लांबून नाही जमायचं आता." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून त्याने पलंगावर ठेवले, पुन्हा उचलून खुर्चीवर ठेवले. "दोघांना एकाच मशीनवर खेळता येतं. पण मग एका खोलीत बसावं लागेल... हो... नको, तू कशाला धडपडतेस. दुकान आहे तुझं." तो खिडकीकडे गेला. "मीच घेऊन येतो."

मशीन बंद झालं की मी कुठे असते ते मला सांगता येणार नाही. बहुतेक त्या न संपणाऱ्या संध्याकाळीतच असते, रस्त्याशिवाय. जागी झाले तेव्हा समोर ताईच्या घरची ओळखीची खोली होती. पिवळे पडदे, टेबलावर दुरुस्तीला आलेले चष्मे, आणि दारापाशी अजून बूट न काढलेला बोका. ताईने शेवटचं पाहिलं त्यानंतर त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. बहीण त्याच्याकडे बघत होती, आणि मग म्हणाली, "वाळलास."

"तू नाही वाळलीस," तो म्हणाला.

"चुकलंच माझं," नवरा म्हणाला. कुणी त्याला काही विचारलंही नव्हतं.

तिघं एका सोफ्यावर दाटीवाटीने बसले. स्क्रीनचे दोन भाग झाले, एक वर, एक खाली.

"ताई, तू वरची की खालची?"

"वरची. मोठी कोण आहे?"

आजवर ते दोघं मला दोन घरांतून दिसत होते. आता पहिल्यांदा एकाच चौकटीत दिसले, खांद्याला खांदा लावून, दोघांच्या चेहऱ्यावर माझाच हिरवा उजेड. तिने नेहमीप्रमाणे मला झाडावर घातलं. तो हसून तिच्याकडे बघायला लागला आणि त्या नादात त्याने खालच्या मला कठड्यावर चढवलं. आम्ही दोघी उलट्या पडून चाकं फिरवत राहिलो, आणि समोर ते तिघं पोट धरून हसत होते.

मशीन त्याने तिथेच ठेवलं आणि जमेल त्या रविवारी तो येऊ लागला. आता जगातल्या कुठल्याही नव्या यादीत मी नाही. थोरली कुठे आहे ते मला माहीत नाही. कुणी तिला अधूनमधून सुरू करत असेल अशी आशा आहे. माझ्यासारख्या दुसऱ्याही काही असतील, तार काढून ठेवलेल्या मशीनमध्ये, कुणाकुणाच्या कपाटात. तुमच्या घरी असं मशीन असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा यादीच्या तळापर्यंत जा. तिथे एखादी गोल दिव्यांची उभी असेल. तिला एक फेरी मारून आणा. शर्यत हराल, त्याचं काही वाटून घेऊ नका.

परवाच्या रविवारी तर गंमतच झाली. भावोजींनी मशीन लावलं, आम्ही दोघी रेषेवर येऊन उभ्या राहिलो. तेवढ्यात ताईने लहानपणची कसलीशी आठवण काढली, बोका म्हणाला असं काही झालंच नव्हतं, आणि दोघं चांगले हमरीतुमरीवर आले. कंट्रोलर मांडीवरून सोफ्याच्या फटीत घसरले. इकडे सिग्नल हिरवा झाला. मशीनच चालवतं त्या बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या, त्यांचा आवाजही विरला. मी वर आणि खाली, समुद्राकडे तोंड करून, इंजिन चालू ठेवून तशीच उभी राहिले. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मलाही कुठे जायची घाई नव्हती.